‘चार माणसांत मिसळा’ हा सल्ला एकाकी माणसाला का पेलत नाही

एकटे वाटते असे कोणी धीर करून बोलून दाखवले, की ऐकणाऱ्याच्या तोंडून बहुधा पहिले वाक्य निघते ते हेच : ‘घरात बसून राहू नका, चार माणसांत मिसळत जा.’ सांगणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते आणि सल्ल्यात वरवर पाहता खोट काढण्यासारखे काही नसते. तरीही तो ऐकून एखादे गृहस्थ सोसायटीच्या कोजागरीला जातात, कडेच्या खुर्चीवर बसून मसाला दूध पितात, दोघातिघांशी ‘काय, बरं आहे ना’ एवढेच बोलून परततात आणि कुलूप उघडून घरात पाऊल टाकताना त्यांना जाण्यापूर्वीपेक्षा जास्त एकटे वाटते. पुढच्या वेळी ते जात नाहीत. मग सल्ला देणारे म्हणतात, आम्ही सांगून पाहिले, पण त्यांनाच माणसे नको आहेत. एकाकीपणाविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज या वाक्यात आहे आणि तो दूर व्हावा, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

आधी शब्दांविषयी. एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो, पण येथे ते वेगळे ठेवणे सोयीचे आहे. एकांत माणूस स्वतःहून शोधतो. एकटे असणे ही नुसती वस्तुस्थिती आहे; घरात दुसरे कोणी राहत नाही, इतकेच त्यातून कळते. एकाकीपणा ही मात्र भावना आहे, आणि मानसशास्त्रज्ञ तिच्याकडे तफावत म्हणून पाहतात : आपल्याला जशी नाती हवीशी वाटतात आणि प्रत्यक्षात जशी आहेत, त्या दोहोंतील अंतर सलू लागले की माणूस एकाकी होतो. म्हणूनच एकट्या राहणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षिका मजेत असू शकतात. आणि मुले, सुना, नातवंडे यांनी भरलेल्या घरातील आजोबा, ज्यांना दिवसभरात ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतली का’ याखेरीज कोणी काही विचारत नाही, आतून झुरत असू शकतात. एकाकीपणा मोजण्यासाठी २००४ पासून संशोधक तीन प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरत आले आहेत. आपल्याला सोबत नाही असे किती वेळा वाटते, आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते आणि आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते, असे ते प्रश्न आहेत आणि उत्तरे क्वचित, कधीकधी किंवा वारंवार अशी द्यायची असतात. भोवती किती माणसे आहेत, हे त्यांतला एकही प्रश्न विचारत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये या भावनेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले, आणि माझ्या मते घरच्यांना सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. एक प्रकार जिवलग माणूस नसण्याचा, दुसरा गोतावळा नसण्याचा. पत्नी गेल्यानंतर कट्ट्यावरचे दहा मित्र रोज भेटत असूनही रात्री घर खायला उठते, तो पहिला प्रकार. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगळुरूला गेलेल्या मुलीला नवरा जीव लावणारा असूनही मैत्रिणी, मावश्या, शेजारणी यांवाचून चुकल्याचुकल्यासारखे होते, तो दुसरा. एका प्रकारची भूक दुसऱ्या प्रकारच्या अन्नाने भागत नाही. विधुर वडिलांना सहलीला पाठवून आणि त्या मुलीला ‘मी आहे ना तुला’ असे सांगून फारसे काही साधत नाही, याचे कारण हे आहे.

भूक हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. शिकागो विद्यापीठातील जॉन कॅसिओपो (१९५१–२०१८) यांनी या विषयाच्या अभ्यासात आयुष्याची दोन दशके घातली आणि त्यांची मांडणी अशी होती, की एकाकीपणा हा शरीराने दिलेला इशारा आहे. अन्न कमी पडले की भूक लागते, पाणी कमी पडले की तहान लागते, तसे कळपाने जगणाऱ्या माणसाला आपल्या माणसांपासून तुटल्याची जाणीव एकाकीपणा करून देतो, जेणेकरून त्याने परत फिरावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० प्रौढांना एके दिवशी दहा तास अन्नावाचून आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास माणसांवाचून ठेवले होते. त्या दिवशी फोन आणि समाजमाध्यमेही बंद होती. त्यानंतर मेंदूच्या चित्रणात असे दिसले, की उपाशी माणसाला खाद्यपदार्थांची चित्रे दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग उद्दीपित होतो, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसाला हसत-बोलत बसलेल्या लोकांची चित्रे दाखवल्यावर उद्दीपित झाला. ‘एकटे वाटते’ असे म्हणणारा माणूस लाड करून घेत नसतो, किंवा मनाने कमकुवतही नसतो. त्याला भूक लागलेली असते.

मग भुकेला माणूस पानावर बसल्यावर जेवत का नाही? कॅसिओपो यांच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग येथे आहे. कळपाबाहेर पडलेल्या प्राण्याला जिवाचा धोका असतो, त्यामुळे तो सावध होतो आणि प्रत्येक खुट्ट आवाजाला दचकतो. दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या माणसाचे मनही तसेच दक्ष बनते, फक्त त्याला भीती वाटते ती नाकारले जाण्याची. भाचीने फोन उचलला नाही तर ती गाडी चालवत असेल हा विचार त्याला सुचत नाही; आपली आता कोणाला गरज उरलेली नाही, हाच सुचतो. शेजाऱ्याने लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर केली नाही, तर तो अपमान म्हणून मनात राहतो. अशी साठवण झाल्यावर एखाद्या रविवारी पुतण्या खरोखर दारात उभा राहतो, तेव्हा इतके दिवस ज्याची वाट पाहिली त्याच्या स्वागताला तोंडून बाहेर पडते ते ‘आज इकडे कशी वाट चुकलास?’ पुतण्या ओशाळतो, तासाभरात उठतो आणि पुढची खेप लांबणीवर टाकतो. वाट चुकल्याचा तो टोमणा मारणाऱ्याच्या मनात ‘बरे झाले आलास’ हेच असते, पण पुतण्याला ते ऐकू येत नाही. एकाकीपणा एकाकीपणाला वाढवतो तो असा.

सतत सावध राहण्याची किंमत शरीरही मोजते. एकाकी माणसाची झोप तुटक असते. तास भरतात, पण मध्ये मध्ये जाग येत राहते आणि सकाळी अंग जड असते. ताणाच्या संप्रेरकांची पातळी, रक्तदाब, शरीरातील सूक्ष्म दाह यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. जूलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा घट्ट नातेसंबंध असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. आजारी माणूसही एकटा पडतो, त्यामुळे यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे दर वेळी वेगळे काढता येत नाही, ही मर्यादा संशोधकही मान्य करतात. पण संबंध इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा आढळला आहे, की तो झटकून टाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी, म्हणजे तासाला सुमारे शंभर मृत्यूंशी, त्याचा संबंध आहे. याच अहवालातील दोन गोष्टी आपल्या समजुतींना धक्का देणाऱ्या आहेत. एकाकीपणाचे सर्वाधिक प्रमाण म्हाताऱ्यांत नसून किशोरवयीन आणि तरुण मुलांत आहे; आणि श्रीमंत देशांत ते सुमारे ११ टक्के, तर गरीब देशांत सुमारे २४ टक्के आहे.

तेव्हा ही पाश्चात्त्यांची व्याधी आहे आणि आपली एकत्र कुटुंबे, सणवार, शेजारधर्म यांमुळे आपण सुरक्षित आहोत, असे समजून चालणार नाही. आपल्या जुन्या समाजाने माणसे सांभाळली तशी काहींना पद्धतशीर एकटे पाडलेही आहे. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, नवरीची ओटी तिने भरायची नाही, शुभकार्यात तिने पुढे यायचे नाही, हा सगळा एकाकीपणा भरल्या घरात, भरल्या गावात राहून भोगायचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. मला हा ठराव समाजसुधारणेइतकाच आरोग्याचाही वाटतो, कारण ‘आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते’ या प्रश्नाचे उत्तर त्याने थेट बदलू शकते. खेड्यातला दुसरा एकाकीपणा पोटापाण्यातून येतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघाली, की गावात मागे उरतात ती थकलेली माणसे, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कित्येक घरांत एकच चूल म्हातारीच्या हाताने पेटते.

पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींचे पाहा. कॉट बेसिसवरच्या एका खोलीत चार-पाच जण, अभ्यासिकेत खुर्चीला खुर्ची लागलेली, मेसमध्ये जेवायला रांग. दिवसभरात एक क्षणही ती शरीराने एकटी नसतात. पण खोलीतला जोडीदार त्याच जागेसाठीचा स्पर्धकही असतो, गावाकडून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना खरी परिस्थिती सांगण्याचा धीर होत नाही आणि दोनदा मुख्य परीक्षेत अपयश आल्यावर चुलतभावाच्या लग्नाला जाणेही टाळले जाते, कारण तेथे प्रत्येक जण ‘निकालाचं काय झालं?’ असेच विचारणार असतो. लाज आणि एकाकीपणा ही जोडी फार चिवट आहे. ज्याला स्वतःची लाज वाटत असते त्याला माणसांत जा म्हणणे, म्हणजे त्याच्या लेखी परीक्षेला बस म्हणण्यासारखेच असते.

आधुनिक काळाने यात काय भर घातली, याचे उत्तर देताना सगळे बोट मोबाइलकडे दाखवतात. ते अगदी चूक नाही, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक शांतपणे घडलेली गोष्ट : ओळखीपाळखीची माणसे आपल्या दिवसातून एकेक करून उठून गेली. जिवलग आणि परके यांच्या मधला हा एक मोठा वर्ग असतो. चाळीच्या गॅलरीतून जाता-येता दिसणारी माणसे, वाण्याच्या दुकानात पुडी बांधताना ‘मुलगी कधी येणार आहे?’ विचारणारा दुकानदार, कोथिंबिरीची काडी वर घालून देणारी भाजीवाली, बँकेत पासबुक भरून देणारा कारकून, पोस्टमन. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच या विरळ नात्यांचे समाजातील महत्त्व दाखवून दिले होते आणि अलीकडच्या अभ्यासांत असे आढळले आहे, की ज्या दिवशी अशा माणसांशी दोन शब्द अधिक होतात त्या दिवशी मन अधिक प्रसन्न असते. आता दूध पिशवीतून दाराच्या कडीला लागते, किराणा दहा मिनिटांत येतो आणि आणणारा मुलगा पुढच्या ऑर्डरच्या घाईत असतो, पैसे फोनवरून जातात, पेन्शन खात्यात जमा होते. यातली प्रत्येक सोय खरी आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तर वरदानच आहे. पण सगळ्या मिळून दिवसातले सात-आठ सहज संवाद घेऊन गेल्या, ज्यांची नोंद कधी कोणी ठेवलीच नव्हती. नेदरलँड्समध्ये जम्बो या किराणा साखळीने २०१९ मध्ये मुद्दाम एक सावकाश चालणारा गल्ला सुरू केला, जेथे घाई नसलेल्या गिऱ्हाइकाने गप्पा मारत पैसे द्यावेत. पुढे तसे गल्ले अनेक दुकानांत निघाले. आपल्याकडचा वाणी तेच काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत होता.

व्हिडिओ कॉलविषयी थोडक्यात सांगतो. न्यूजर्सीतला मुलगा आणि पुण्यातली आई यांच्यात ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तासांचे अंतर असते. एकाची घाईची सकाळ ही दुसऱ्याची दमलेली संध्याकाळ असते. तरीही ठरलेल्या वेळी रोज दहा मिनिटे झालेला कॉल हा महिन्यातून एकदाच्या दोन तासांच्या कॉलपेक्षा अधिक आधार देतो, कारण आईला त्याची वाट पाहता येते. फोनवर दुसऱ्यांच्या सहली आणि वाढदिवस नुसते पाहत बसणे वेगळे, आणि फोन लावून बोलणे वेगळे.

उपायांकडे वळण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी असे मी आग्रहाने सांगेन : कान, गुडघे आणि लघवी. वयस्कर माणूस बैठकीत बोलेनासा झाला, नातेवाइकांकडे जायचे टाळू लागला, तर त्याचा स्वभाव बदलला असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला नीट ऐकू येत नसते, आणि दोनदा ‘काय?’ विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा तो नुसती मान डोलावतो. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत गुडघ्यांनी दार बंद केलेले असते. बाहेर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांची संख्या तर मोठी आहे आणि त्या हे कोणाला सांगत नाहीत. श्रवणयंत्र, कठड्याचा आधार, डॉक्टरांकडे एक मोकळी भेट यांनी जे सुटू शकते, त्यासाठी मनाला दोष देण्याचे कारण नाही.

सरकारी पातळीवरही हालचाल सुरू आहे. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये या विषयाची जबाबदारी एका मंत्र्याकडे दिली, जपानने फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच केले आणि एप्रिल २०२४ पासून तेथे याविषयी स्वतंत्र कायदा लागू आहे. प्रत्यक्षात काय उपयोगी पडते, याचा आढावा कॅसिओपो यांच्या गटाने २०११ मध्ये घेतला. लोकांना नुसते एकत्र आणणे, संवादकौशल्य शिकवणे, आधार देणे आणि ‘मला कोणी विचारत नाही’ या ठाम झालेल्या समजुतीवर काम करणे, अशा चार मार्गांची तुलना करताना काटेकोर चाचण्यांत शेवटचा मार्ग सर्वांत परिणामकारक ठरला. कोजागरीच्या त्या खुर्चीचा उलगडा येथे होतो : माणसे समोर होती, पण ती आपल्याला नको म्हणणार आहेत ही धास्ती सोबतच नेलेली होती.

त्यात वेळेचाही हिशोब आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागल्याचे आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक लागल्याचे दिसले. वर्षातून एकदा होणाऱ्या कार्यक्रमातून हे तास जमत नाहीत. रोज अर्ध्या तासाच्या ठरलेल्या भेटीतून मात्र चार महिन्यांच्या आत पहिला टप्पा गाठता येतो. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका बागेत सुरू केलेला हास्यक्लब इतका पसरला, त्याचे कारण केवळ हसण्यात नसावे. तीच वेळ, तीच बाग, तीच माणसे, बोलण्यासाठी विषय शोधण्याची गरज नाही आणि दोन दिवस कोणी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करणारच, ही त्याची खरी ताकद आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, भिशी, वाचनालयातली वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवतीची मंडळी, यांचेही तेच. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये आरोग्य केंद्रांच्या आवारात बाकडी टाकून त्यावर प्रशिक्षित आज्ज्यांना बसवले आणि मनाने खचलेल्या माणसांनी त्यांच्याशी येऊन बोलावे अशी सोय केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेथे येणाऱ्यांची नैराश्याची आणि चिंतेची लक्षणे लक्षणीय कमी झाल्याचे आढळले. आपल्या गावच्या पारावर अशी दोन वडीलधारी माणसे बसवायला फार काही लागू नये.

अर्थात सगळाच एकाकीपणा भेटीगाठींनी हटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगून काय करायचे असे शब्द तोंडात येत असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. दोन्ही विनाशुल्क आहेत.

एरवी ‘मिसळा’ म्हणण्याऐवजी काय म्हणावे, हे मला आमच्याच इमारतीत शिकायला मिळाले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचे यजमान गेल्यानंतर त्या वर्षभरात जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. आतले लाकडी दार उघडे, बाहेरचे जाळीचे दार बंद, आणि लिफ्टचा आवाज झाला की जाळीमागे हलणारी एक सावली. आम्ही सगळ्यांनी त्यांना गणपतीत, भोंडल्याला, सहलीला बोलावले. त्या ‘बघते’ म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. त्या जूनमध्ये समोरच्या घरातल्या बाई नोकरीला लागल्या आणि त्यांनी काकूंना गंमत म्हणून नव्हे, अडचण म्हणून विचारले, की मुलगी दीड वाजता शाळेतून येते, तिच्यासाठी किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का. काकूंनी ती देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. पहिले काही दिवस नुसती किल्ली हातबदल व्हायची. मग दप्तर टेकवून पाणी पिणे आले, मग घडीची पोळी आणि साखरांबा, मग पाढे. सव्वाला काकू दारात येऊन उभ्या राहू लागल्या, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांशी त्यांचे बोलणे सुरू झाले, आणि एकदा त्यांना ताप आला तेव्हा ते सगळ्यात आधी त्या मुलीला कळले आणि तिच्यामुळे आम्हाला.

मे महिन्यात मुलगी आजोळी गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. काकू कैरीच्या डाळीची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि आत येत विचारत होत्या, की ती नेमकी कोणत्या तारखेला परत येणार आहे, कोणाला काही माहीत आहे का.